‘१० सेकंदांत १००, म्हणजे त्वरण १०’? आधी किल्ली लटकवून बघा

सध्या त्वरणाबद्दल, म्हणजे वेग दर सेकंदाला किती बदलतो त्याबद्दल, एक मेसेज फिरतोय. ‘गाडी १० सेकंदांत १०० चा वेग घेते, म्हणजे तिचं त्वरण १० झालं. गुरुत्वाकर्षणाचं ९.८. म्हणजे तुमची गाडी वरून पडणाऱ्या दगडालाही हरवते!’ पुढे असंही लिहिलंय की काटा १०० वर गेला की त्वरण सर्वांत जास्त असतं आणि ब्रेक दाबला की त्वरण संपतं. तिन्ही गोष्टी चूक. पण पहिली चूक चांगली शिकलेली माणसंही सर्रास करतात, म्हणून तिच्यापाशी जरा थांबतो.

१०० भागिले १०, उत्तर १०. भागाकार बिनचूक आहे. पण १० काय? दर सेकंदाला ताशी १० किलोमीटर. दगडाचे ९.८ आहेत ते दर सेकंदाला ९.८ मीटर प्रति सेकंद. एकाची उंची फुटांत, दुसऱ्याची मीटरांत मोजून बुटका कोण ते ठरवण्यातला हा प्रकार. १०० ला ३.६ ने भागा, २७.८ मीटर प्रति सेकंद येतात. हा बदल १० सेकंदांत झाला, म्हणून त्वरण २.७८. दगडाच्या जेमतेम २८ टक्के! हवेचा अडथळा सोडला तर दगड तोच वेग २.८ सेकंदांत गाठतो.

गणित पटत नसेल तर आतल्या आरशाला दोऱ्याने किल्ली लटकवा आणि शेजारच्या सीटवर बसून बघा (चालवणाऱ्याने हा उद्योग करू नये). सपाट रस्त्यावर २.७८ त्वरणाला किल्ली साधारण १६ अंश मागे झुकते. खरंच १० असतं तर ४५ च्या पुढे गेली असती.

२.७८ ही सरासरी आहे बरं का. पहिल्या गिअरमध्ये किल्ली जास्त झुकते, क्लच दाबला की क्षणभर सरळ होते आणि वेग वाढेल तसा कोन कमी होत जातो. इंजिनाची ताकद तेवढीच, पण वेग वाढला की तिच्यातून चाकांना मिळणारा रेटा घटतो, शिवाय हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. दुसऱ्या दाव्याचं उत्तर यातच आलं. सरळ रस्त्यावर काटा १०० वर स्थिरावला की किल्ली उभी लोंबते. त्वरण शून्य. आणि ६० वरून १०० ला गेलात तर भागायचं ते ४० ला, १०० ला नव्हे.

ब्रेकचं तर अगदी उलट आहे. १०० वरून ४ सेकंदांत थांबलात तर त्वरण उणे ६.९४. उणे म्हणजे नुसती दिशा. आकडा गाडी पळवतानाच्या अडीच पट आहे. किल्ली ३५ अंश पुढे येते आणि पट्टा छातीत रुततो.

मेसेजमध्ये वळणाचा उल्लेखच नाही. काटा ४० वरून जराही न हलवता वळण घ्या, किल्ली बाहेरच्या अंगाला झुकेल. चाल तीच राहिली, दिशा बदलली; दिशा बदलणं हाही वेगातलाच बदल, म्हणून हेही त्वरणच. आणि दिशा दाखवणं स्पीडोमीटरच्या हातात नाही.