शिधा दिला, पुढे काय?

निर्वासितांवरच्या एका लेखात म्हटलंय की त्यांना छावणी, शिधा आणि औषधं दिली की आसरा देणाऱ्या यजमान देशाची जबाबदारी बऱ्यापैकी संपते. हे काही पटलं नाही. त्यांना जिवावर उठलेल्यांच्या हाती परत न देणं हे सगळ्यात आधी, मान्य. पण हाताला काम नसलेला माणूस वर्षानुवर्षं छावणीत बसून करणार काय?

आमच्या नाशकातलंच बघा. शरणपूरला एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं ठेवली होती. नुसतं जेवू घातलं नाही, लिहायला-वाचायला आणि हातचं कामही शिकवलं. (धर्मांतराचा हेतू होताच, तो झाकायचं कारण नाही.) त्यांच्यातलाच जेकब वेनराइट हा आफ्रिका धुंडाळणाऱ्या ब्रिटिश मिशनरी लिव्हिंग्स्टनचं शव आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत होता आणि १८७४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबी या चर्चमध्ये शवपेटीबरोबर चालला.

त्याच शरणपूर रोडवर आता तिबेटी निर्वासितांचं तिबेटियन मार्केट आहे. स्वेटर उलटा करून आतली वीण दाखवत ‘ताई, धुतल्यावर आटला तर परत आणा’ म्हणणारी बाई भावात मात्र दहा रुपये सोडत नाही! पण आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदाच नाही, निर्वासितांच्या हक्कांबद्दलच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावरही सही नाही. सगळं सरकारी आदेशांवर, म्हणजे मर्जीवर.

आपल्यापेक्षा गरीब युगांडाने २००६ च्या कायद्यात निर्वासितांना काम करण्याचा आणि देशात फिरण्याचा हक्क दिला. तिथेही मदतनिधी आटला की शिध्याला कात्री लागते, पण निदान उघडपणे मजुरीला तरी जाता येतं.