दहावा माणूस कुठे लपवलाय?

इंदुरातल्या कुठल्याही दुकानदाराला विचारा, कामाला किती माणसं आहेत? उत्तर नऊ. सियागंजात नऊ, कपडा मार्केटात नऊ. सांवेर रोडच्या शेडमध्ये चौदा जण घाम गाळताना डोळ्यांना दिसतात, तरी रजिस्टरात नऊच. धंदा जरा मोठा असेल तर एकोणीस. दहा आणि वीस या आकड्यांवर या शहरात कुणी बंदी घातली आहे की काय, कळत नाही.

कारण सगळ्यांना ठाऊक आहे. दहाला ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा लागतो, नोकरी सोडताना द्यायची ग्रॅच्युइटी लागते, विसाला पीएफ. म्हणून दहावा माणूस शेठजींचा भाचा असतो, अकरावा ‘अभी सीखने आया है’, आणि बारावी बाई फक्त दिवाळीपुरती. मी रामबागेत बसून पगारपत्रकं करते, पीएफ-ईएसआयची रिटर्नं भरते, त्यामुळे ही सगळी नातीगोती मला तोंडपाठ आहेत. माझं पोट मालकांच्या फीवर चालतं हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचून कुणी मला लाल झेंडेवाली म्हणायला नको. मी मालकांच्याच खिशाबद्दल बोलतेय. माणूस कागदाबाहेर ठेवण्याइतकी महागडी काटकसर मी दुसरी पाहिलेली नाही.

मुळात नऊचा हिशेबच चुकीचा असतो. ग्रॅच्युइटीचा कायदा मुळात १९७२चा. त्यात आज किती माणसं आहेत एवढंच पाहत नाहीत. मागच्या बारा महिन्यांत कुठल्याही एका दिवशी दहा होती का, हे पाहतात. एका दिवशी! लग्नसराईत साड्यांच्या गाद्यांवर किती माणसं उभी असतात ते एकदा मोजा. आणि एकदा कायदा लागू झाला की पुढे माणसं पाचवर आली तरी तो सुटत नाही. पगार घेणारा भाचासुद्धा माणसांतच मोजतात, हे तर मी दरवर्षी सांगते आणि दरवर्षी समोरचा तेवढाच चकित होतो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि जुने २९ कायदे त्यांत गेले. तेव्हापासून फोन थांबत नाहीत. पण त्यांतली जी वेतन संहिता आहे, तिला माणसांचा आकडाच लागत नाही, हे फार थोड्यांनी वाचलं आहे. दोन माणसांची चहाची टपरी असो की दोनशेंचा कारखाना, किमान वेतन सगळ्यांना, महिन्याचा पगार पुढच्या महिन्याची सात तारीख उलटायच्या आत, आणि नोकरी सुटली, मग राजीनामा असो की काढून टाकलेलं असो, राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत. ‘फुल अँड फायनल पंचेचाळीस दिवसांनी’ हे विजयनगरच्या कंपन्यांचं आवडतं वाक्य आता भिंतीवरून काढायला हवं.

त्याच संहितेतलं एक कलम मी शेठ लोकांना मोठ्याने वाचून दाखवते. कामगाराने पगार किंवा बोनस कमी मिळाल्याचा दावा केला, तर पैसे दिले होते हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर. दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो, आणि अधिकाऱ्याला रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई लावता येते. आता सांगा, रोख पगार, सही नाही, स्लिप नाही, हजेरी शेठजींच्या डायरीत पेन्सिलीने. सिद्ध कशावर करणार? सत्यनारायणाच्या शपथेवर?

एक प्रकरण सांगते, नाव-गाव न घेता. साड्यांचं दुकान, जुनं, चांगलं. तिथे एक काका बावीस वर्षं होते. गिऱ्हाईक दारातून आत आलं की चालीवरून ओळखायचे, ही घेणार की नुसत्या घड्या मोडायला लावणार. गुडघे गेले म्हणून त्यांनी काम सोडलं. शेवटचा पगार १८,२०० रुपये, सगळा एकरकमी, भत्ता-बित्ता काही नाही. हिशेब पाचवीतल्या पोराला जमेल असा आहे. महिन्याचे रविवार वगळून २६ दिवस धरायचे, म्हणजे दिवसाचे ७०० रुपये. दर वर्षाला १५ दिवसांचे, म्हणजे १०,५००. गुणिले २२. दोन लाख एकतीस हजार.

शेठ भडकले. लाल तोंडाने माझ्यासमोर बसून म्हणाले, “मॅडम, घर का आदमी था! बेटी की शादी में एक लाख दिया मैंने!” आणि ते खरं होतं. काकाही नाकारत नव्हते. ते म्हणाले, “दिलेच ना. पण तो अहेर होता. माझ्या मुलीच्या हातात पाकीट दिलं त्यांनी, स्टेजवर. ग्रॅच्युइटी कुणी स्टेजवर देतं का?”

दोघंही खोटं बोलत नव्हते, हे मला आजही पटतं. शेठजींच्या मनात ते पैसे बावीस वर्षांच्या इमानाचे होते, काकांच्या मनात लग्नाच्या आशीर्वादाचे. मी शेठजींच्या बाजूने बसले होते, तरी त्यांना सांगावं लागलं की तुम्ही हरणार. अहेर ग्रॅच्युइटीत वळता होत नाही. ती उचल असती, एका ओळीचा कागद असता, तर निदान बोलायला तोंड होतं. तेही नव्हतं. ग्रॅच्युइटी देय झाल्यापासून तीस दिवसांत द्यायची असते, पुढे व्याज चढतं. शेवटी तीन चेकमध्ये पूर्ण रक्कम गेली. पण त्या घरांचं एकमेकांकडे हळदीकुंकवाला जाणं बंद झालं. चिठ्ठी लिहायला पाच मिनिटं लागली असती.

‘घरचा माणूस’ म्हणून कागद न करणाऱ्यांना मी एवढंच विचारते: घरच्यांच्या नावावर प्लॉट करताना रजिस्ट्री करता की नाही?

बरं, व्हॉट्सॲपवर जे फिरतंय की आता सगळ्यांना एका वर्षात ग्रॅच्युइटी, ते साफ चूक आहे. ते फक्त मुदतीच्या करारावर असलेल्यांसाठी. कायम माणसाला पाच वर्षंच. आणि नोटीस न देता सोडून गेला म्हणून ग्रॅच्युइटी अडवता येत नाही. जप्त करायची कारणं कायद्यात मोजकी आहेत: मालमत्तेचं नुकसान, दंगामस्ती, नैतिक अधःपतनाचा गुन्हा, आणि तेही त्यासाठीच काढून टाकलं असेल तर. शेठजींचा मूड गेला, हे त्यात नाही.

आता लेट मार्क. तीन वेळा दहा मिनिटं उशीर झाला की अर्धा दिवस कापायचा, हा नियम इंदुरात इतका पक्का बसलाय की लोकांना तो सरकारी वाटतो. कुठल्याच कायद्यात तो नाही. गैरहजेरीचा पगार गैरहजेरीच्या प्रमाणातच कापता येतो. १९३६च्या वेतन अदायगी कायद्यात हेच होतं, आताच्या संहितेतही हेच आहे. तीस मिनिटांचे तीस मिनिटांचेच. वेगळा दंड करायचा तर त्याला आधी नोटीस द्यायची, त्याचं म्हणणं ऐकायचं, आणि महिन्याच्या पगाराच्या ३ टक्क्यांवर जायचं नाही. सगळ्या कपाती मिळून पगाराच्या अर्ध्याच्या वर नकोत.

गैरहजेरीच्या कलमात मालकांच्या सोयीचीही एक गोष्ट आहे. दहा किंवा अधिक कामगार संगनमताने, नोटीस न देता, कारण नसताना गैरहजर राहिले, तर आठ दिवसांपर्यंतचा पगार कापता येतो. अट अशी की नोटिशीची बोली करारात असायला हवी. म्हणजे मालकाला आपला हक्क वापरायलासुद्धा दहा माणसं आणि एक कागद लागतो. रजिस्टरात नऊ दाखवणाऱ्याने संप झाल्यावर कुठला दहावा शोधून आणायचा?

आपल्या मराठी घरांशी सगळ्यांत जवळचा विषय खाजगी शाळांचा आहे, आणि त्यावर सुदामानगरपासून तिलकनगरपर्यंत कुणी तोंड उघडत नाही. प्रत्येक दुसऱ्या घरातली सून किंवा लेक कुठल्या तरी शाळेत शिकवते. खात्यात पंचवीस हजार जमा होतात आणि पुढच्या सोमवारी दहा रोख परत नेऊन द्यायचे, हा प्रकार सगळ्यांना माहीत आहे. एप्रिलअखेर कार्यमुक्त करायचं आणि जूनच्या मध्यावर पुन्हा नेमायचं, म्हणजे सेवा तुटते, असा शाळांचा समज आहे. तुटत नाही. वर्षात २४० दिवस भरले की ती सेवा अखंड धरतात. आणि जुन्या औद्योगिक विवाद कायद्यातले २४० दिवस मोजताना पगारी रविवार आणि सुट्ट्या धरायच्या, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५मध्येच सांगितलं आहे. मध्य जून ते एप्रिलअखेर म्हणजे तीनशे वीस दिवस होतात.

शिक्षकांना ग्रॅच्युइटी नाही असं २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं, ते खरं. पण २००९ साली संसदेने कायदा बदलला, तोही ३ एप्रिल १९९७ पासून लागू होईल असा, आणि ऑगस्ट २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल ग्राह्य धरला. तरीही निवृत्त होणाऱ्या बाईंच्या हातात शाल, श्रीफळ आणि स्टीलचा डबा देऊन फोटो काढला जातो. बाईंनी डबा घ्यावा. दुसऱ्या दिवशी अर्जही द्यावा.

आता कामगारांबद्दल, कारण सगळं पाप मालकांच्या माथी मारणं मला पटत नाही. निम्म्या वेळा माणूसच म्हणतो, “मॅडम, पीएफ-बीएफ नको, हातात द्या.” ईएसआयचं घ्या. पगार १४,००० असेल तर त्याच्या पगारातून जातात १०५ रुपये, मालक घालतो ४५५. १०५ रुपये म्हणजे छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत दोघांचं खाणंसुद्धा नीट होत नाही. त्यावर नंदानगरच्या ईएसआय रुग्णालयात त्याच्यासकट घरच्यांचे उपचार, आणि आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या सत्तर टक्के. तरी नको. मग मणक्याची गादी सरकली की तोच माणूस शेठजींकडे उचल मागायला उभा, आणि शेठ माझ्याकडे, की याचं कार्ड मागच्या तारखेने निघेल का. निघत नाही हो. तारखांचं मी काही करू शकत नाही.

इंदुरातली हुकुमचंद कापड मिल १९९१-९२च्या सुमारास बंद पडली. २५ डिसेंबर २०२३ला तिच्या ४,८०० कामगारांच्या थकबाकीचा सुमारे २२४ कोटींचा चेक निघाला. तीन दशकं! कित्येक जण वाट पाहतच गेले, पैसे मुलांना, नातवंडांना मिळाले. ही न्यायाची फार वाईट गोष्ट आहे, तिचं कौतुक करायला मी बसलेले नाही. पण मला त्यात आमच्या कामाचं एक दिसतं: त्या माणसांची नावं मिलच्या मस्टरवर होती. बापाचं नाव, खातं, भरतीची तारीख. म्हणून तीस वर्षांनीही मुलगा येऊन म्हणू शकला, हा माझा बाप. आजही अनंत चतुर्दशीला मिलांच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, पाहायला आपण रात्रभर उभे राहतो. मोबाइलच्या दुकानात बारा तास उभा राहणारा मुलगा कुठल्या मस्टरवर आहे? दुकान उद्या बंद झालं तर तो तिथे होता याचा पुरावा म्हणजे त्याची इन्स्टाग्रामची रील.

भांडायची वेळ आलीच तर भोपाळला पळू नका. मध्यप्रदेशाचे श्रमायुक्त आपल्या इंदुरातच बसतात. तिथे जाताना वकील नसला तरी चालतो. बँकेचं पासबुक, हजेरीचे फोटो, शेठजींचे ‘कल जल्दी आना’चे मेसेज, ओळखपत्र, सगळं न्या. कागद मालकाने दिला नाही म्हणून तुमच्याकडे पुरावा नसतो असं नाही.

आणि मालकांनो, दहा माणसं असतील तर आता नेमणूक पत्र देणं बंधनकारक आहे, जुन्या माणसांनासुद्धा. त्यांच्यासाठी संहिता लागू झाल्यापासून तीन महिन्यांची मुदत होती. नऊ असतील तरी द्या. स्टॅम्प पेपर लागत नाही, इंग्रजी लागत नाही. हिंदीत लिहा, मराठीत लिहा. नाव, काम, रुजू झाल्याची तारीख, पगार आणि त्याची फोड, कामाचे तास, सुट्टी, सोडताना किती दिवसांची नोटीस. उचल दिली तर तिची वेगळी चिठ्ठी, किती हप्त्यांत कापायची तेही लिहून. दोन प्रती काढा, दोन्हींवर दोघांच्या सह्या. कामगाराने आपल्या प्रतीचा फोटो बायकोच्या फोनवरही पाठवावा, कारण बहुतेकांचा स्वतःचा फोन दर सहा महिन्यांनी पाण्यात पडतो.