कुटुंबांचे सहर्ष स्वागत (पाटीपुरते)

लूथरन मंडळीच्या, म्हणजे मार्टिन लूथरची शिकवण मानणाऱ्या प्रोटेस्टंट चर्चच्या, कार्यकारिणीवर तुमची निवड झाली असेल, तर अभिनंदन. पहिल्याच सभेत कोणीतरी उसासा टाकून म्हणेल, "हल्ली तरुण कुटुंबं चर्चला येतच नाहीत हो." सगळे माना डोलावतील. तुम्हीही डोलवा. फक्त, जी आली होती ती गेली कशी, हे विचारू नका. आलेल्या कुटुंबाला न दुखावता घालवणं हे कसबाचं काम आहे, आणि तुमच्या आधीच्या कार्यकारिणीने त्यात बरीच मजल मारलेली आहे.

सुरुवात बाप्तिस्म्यापासून करावी. तुमची मंडळी तान्ह्या बाळांना बाप्तिस्मा देते. ज्याला अजून बोलता येत नाही, काही कमावता येत नाही, त्याच्यावरही देवाची कृपा होते, हे तुमचं शिक्षण. त्या दिवशी बाळाला आपल्यात घेऊन सगळे गहिवरतात. पुढच्या रविवारी तेच बाळ उपदेशाच्या वेळी रडलं की पुढच्या बाकांवरच्या माना वळू द्या. मात्र नजरेत राग नको, कणव हवी. रागावर आईला चिडता तरी येतं. कणवेपुढे ती फक्त पिशवी आवरू लागते. मग एखाद्या ज्येष्ठाने वाकून हळूच सांगावं, "मागे काचेची खोली आहे, तिथं तुम्हालाच बरं पडेल." 'तुम्हालाच' यावर थोडा जोर. त्या खोलीतला स्पीकर दुरुस्त करण्याचा विषय दर सभेच्या शेवटी घ्यावा, म्हणजे वेळेअभावी तो पुढच्या सभेवर जातो. प्रभुभोजनाच्या (भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या) वेळी काचेआडच्या आईला कोणी बोलावायचं, हे कोणाकडेही सोपवू नये. वर्षभरात ती घरीच प्रार्थना करू लागेल, आणि तुम्हाला म्हणता येईल की हल्लीच्या आयांना उपासनेची ओढ राहिली नाही.

बाळाला बाबा घेऊन आला तर त्याचं इतकं कौतुक करा की तो पुन्हा येणार नाही. इथे मार्टिन लूथरची, म्हणजे सोळाव्या शतकातल्या त्या जर्मन धर्मसुधारकाची, थोडी अडचण होते. विवाहावरच्या 1522 सालच्या लेखात त्याने लिहून ठेवलंय, की बापाने विश्वासाने बाळाची लंगोटं धुतली तर लोक त्याला हसतील, पण देव आणि सगळे देवदूत आनंदाने हसतील. लिहिताना गृहस्थ स्वतः अविवाहित होता. काटरीना फॉन बोराशी त्याचं लग्न 1525 मध्ये झालं. लंगोटांचा अनुभव नंतर आला, तरी मत बदलल्याचं ऐकिवात नाही. म्हणून लूथरचा फोटो भिंतीवर लावावा, लंगोटं बदलायची फळी मात्र फक्त महिलांच्या स्वच्छतागृहात बसवावी.

'लघु प्रश्नोत्तरी'चं, म्हणजे लूथरच्या धर्मशिक्षणाच्या छोट्या पुस्तकाचंही असंच आहे. 1528 मध्ये जर्मनीच्या सॅक्सनी भागातल्या मंडळ्यांची पाहणी करून आल्यावर लोकांचं धर्माबद्दलचं अज्ञान पाहून लूथर हादरला आणि 1529 मध्ये त्याने ती लिहिली. घरच्या कर्त्याने घरच्यांना सोप्या रीतीने काय शिकवावं, असं तिच्या भागांच्या मथळ्यांतच आहे. म्हणजे शाळा मुळात स्वयंपाकघरातली, चर्च तिच्या मदतीला. तुम्ही ते उलटं करा. पालकांना कळू द्या की हे तज्ज्ञांचं काम आहे: मुलाला दोन वर्षं दृढीकरणाच्या (बाप्तिस्म्यातला विश्वास मोठेपणी स्वतः कबूल करण्याच्या विधीच्या) वर्गाला पाठवा, आम्ही पाठ करून घेऊ. त्या दोन वर्षांत आईबापांशी एकदाही बोलू नका, गैरहजेरीचा निरोप सोडून. दृढीकरणाच्या दिवशी प्रमाणपत्र द्या, आणि त्यानंतर मूल दिसेनासं झालं की जगाच्या वाईट प्रभावाबद्दल चिंता व्यक्त करा.

शाळेबद्दल तर काय सांगावं. 1524 मध्ये लूथरने जर्मन शहरांच्या कारभाऱ्यांना पत्र लिहून सुनावलं होतं, की बंदुका, रस्ते, पूल, बंधारे यांवर दरवर्षी इतका पैसा घालता, तर मुलांना शिकवायला का नाही? त्याच पत्रात त्याने हेही मान्य केलं, की बहुतेक आईबापांना शिकवण्याची हातोटी नसते आणि सवडही नसते. पालकांना वेळ नाही, ही तक्रार पाचशे वर्षांची आहे. तरी ती दर पालकसभेत नव्याने शोध लागल्यासारखी मांडावी, आणि सभा कामाच्या वेळेत ठेवावी.

शाळा आणि चर्च एकाच आवारात असले तर दोघांची तोंडओळखही होऊ देऊ नका. सोमवार ते शुक्रवार फाटकाशी उभ्या असणाऱ्या पालकांपैकी कित्येकांनी चर्चचं दार कधी उघडलेलं नसतं. मंडळीच्या पाळकांनी (धर्मगुरूंनी) तिथं जाऊन नुसतं "कसं काय?" विचारलं तरी धोका आहे. त्यापेक्षा फीची सवलत रविवारच्या हजेरीशी जोडावी. कृपा फुकट मिळते, हे प्रवचनात सांगता येतंच.

प्रवेशअर्जावर 'वडिलांचे नाव' आणि 'आईचे नाव' एवढ्याच दोन ओळी ठेवा. आजीजवळ वाढणारं मूल, घटस्फोटानंतर दोन घरांत राहणारं मूल, यांच्या पालकांना खिडकीवर उभं राहून मोठ्याने खुलासा करू द्या. मागे रांग असली तर उत्तमच. ज्या मुलाला एका जागी बसवत नाही किंवा गोंगाट सहन होत नाही, त्याच्या आईला म्हणावं, "आमच्याकडे त्याची सोय नाही, पण आम्ही प्रार्थना करू." या वाक्यातला उत्तरार्ध पूर्वार्धाची सगळी जबाबदारी अंगावर घेतो.

मुलांशी बोलायची वेळ आलीच, तर समितीच्या भाषेत बोला. 1530 च्या जूनमध्ये ऑग्सबर्गला लूथरनांची विश्वासकबुली, म्हणजे आपण काय मानतो याचं निवेदन, सम्राटापुढे मांडली जात होती, आणि लूथर कोबुर्गच्या किल्ल्यात बसून आपल्या चार वर्षांच्या मुलाला, हान्सला, पत्र लिहीत होता: एक सुंदर बाग आहे, तिथं मुलं सफरचंदं वेचतात, सोन्याच्या लगामांची छोटी घोडी आहेत. इतिहास घडत असताना घोड्यांत वेळ घालवणारा माणूस तुमच्या कार्यकारिणीवर निवडून आला नसता.

एवढं करूनही चार-दोन कुटुंबं टिकलीच, तर 'कुटुंब साहाय्य समिती' नेमा. तीत ज्यांची नातवंडंही कॉलेजात आहेत असेच सदस्य घ्या. बैठक रात्री साडेआठला ठेवा, म्हणजे लहान मुलांच्या झोपेच्या वेळी, आणि सूचनेखाली ठळक अक्षरांत छापा: कृपया मुलांना आणू नये.