‘देशी ओझेम्पिक’चा हिशेब

ओझेम्पिक म्हणजे मधुमेहाचं, वजनही उतरवणारं इंजेक्शन. त्याच्या नावाने आमच्या घरच्या ग्रुपवर आलेला मेसेज असा : ‘देशी ओझेम्पिक! अर्धी वाटी ओट्स, ग्लासभर पाणी, अर्धं लिंबू, दोन चमचे दालचिनी, बर्फ. मिक्सरमधून फिरवा, रोज उपाशीपोटी प्या. १५ दिवसांत ८ किलो कमी, शुगरची गोळी बंद, कोलेस्टेरॉल खाली, अंगातली उष्णता गायब. शिजवू नका, गुण मरतात.’ अकोल्याच्या मावशीने हे वाचून परस्पर मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी अर्धी केली, म्हणून हा खटाटोप. एरवी असले मेसेज मी उघडतही नाही.

आधी ८ किलोचं बघू. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. ८ किलोच्या झाल्या ६१,६००, म्हणजे १५ दिवस रोज ४,१००. घरात वावरणारी साठीची बाई दिवसाला दोन हजारसुद्धा खर्च करत नाही. ती पंधरा दिवस कडकडीत उपाशी राहिली तरी एवढी चरबी जायची नाही, आणि या ग्लासात तर दीडशे कॅलरी आहेत. हेच पेय २०२४ मध्ये टिकटॉकवर ‘ओटझेम्पिक’ म्हणून फिरत होतं. तिथला दावा दोन महिन्यांत ४० पौंडांचा, म्हणजे १८ किलोंचा होता. इथे पोचेपर्यंत वेग पावणेदोनपट झाला!

खुद्द त्या औषधाचं काय? ओझेम्पिकमधलं औषध म्हणजे सेमाग्लुटाइड; त्याच्या मोठ्या डोसची वजनासाठीची चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. दर आठवड्याला इंजेक्शन, ६८ आठवडे, आणि वजन सरासरी १५ टक्क्यांनी कमी. ओट्समधल्या तंतूंमुळे पोट भरल्यासारखं वाटतं आणि आतड्यात जीएलपी-१ हे भूक कमी करणारं संप्रेरक थोडं स्रवतं, ज्याची नक्कल हे औषध करतं, हे कबूल. पण शरीरातलं हे संप्रेरक दोन-तीन मिनिटांत निम्मं होतं. इंजेक्शनमधलं औषध निम्मं व्हायला आठवडा लागतो. कशाची कशाशी तुलना करताय?

मला खरी चीड आली ती त्या दोन चमचे दालचिनीची. वाण्याकडे मिळणारी जाड, खरबरीत, एकाच सालीची दालचिनी बहुतेक वेळा कॅशिया असते. कागदासारख्या पातळ थरांची सुरळी असते ती सिलोनची, आणि ती महाग. कॅशियात कुमारिन नावाचं नैसर्गिक द्रव्य भरपूर असतं, आणि ते काही जणांच्या यकृताला बाधतं. जर्मनीची सरकारी जोखीम-मूल्यांकन संस्था (बीएफआर) ६० किलोच्या माणसाला रोज २ ग्रॅम कॅशियापर्यंत चिंता नाही असं म्हणते. दोन चमचे पूड म्हणजे ५ ग्रॅमच्या आसपास. एखाद्या दिवशी जास्त झाली तर आभाळ कोसळत नाही, पण मेसेज सांगतो ‘रोज’. ज्यांचं यकृत आधीच कुरकुरतंय त्यांना हा सल्ला कुणाच्या भरवशावर दिला?

‘शिजवू नका’ तर निव्वळ हास्यास्पद. डब्यातले चपटे ओट्स कारखान्यातच वाफवून मग लाटलेले असतात, नाहीतर ते खवट होतील. ‘उपाशीपोटी’ही सरसकट नको : थायरॉईडची गोळी घेणाऱ्यांनी तिच्या पाठोपाठ तंतूंनी भरलेला ग्लास प्यायला तर गोळी नीट शोषली जात नाही.

कोलेस्टेरॉलचं मात्र अर्धं खरं, नाइलाजाने मान्य. रोज ३ ग्रॅम बीटा-ग्लुकन (ओट्समधला विरघळणारा तंतू) आणि जोडीला कमी संपृक्त चरबीचं जेवण, अशा अटीवर अमेरिकेच्या एफडीएने (अन्न व औषध प्रशासन) १९९७ मध्ये ओट्सबाबतच्या हृदयविकाराचा धोका कमी करण्याच्या दाव्याला परवानगी दिली. अर्ध्या वाटीतून त्यातलं निम्म्याच्या आसपास मिळतं. पण गाळून चोथा फेकलात तर तेवढंही नाही.

उष्णतेचं म्हणाल तर गार वाटतं ते पाण्याने आणि बर्फाने.

एवढं करून पेय वाईट नाही. कोलंबियात ओट्स दूध, साखर, दालचिनी, लवंग घालून शिजवतात आणि गार करून बेकरीत विकतात. तिथे ते गोड पेय आहे, औषध नव्हे. आपल्या तोंडाला आंबिलीसारखं बरं लागतं : तीन चमचे ओट्स दीड वाटी पाण्यात मऊ शिजवा, गार करा, ताक घालून घोटा. भाजलेल्या जिऱ्याची पूड, किसलेलं आलं, मीठ, कोथिंबीर घाला. फ्रिजमध्ये तासभर ठेवलं की दाट होतं, मग पुन्हा ताक घालून सारखं करा. मेच्या उन्हात ओट्यावर ठेवू नका. त्याच दिवशी संपवा, उरलं तर फेका.