पुंगळ्या पुन्हा भरायच्या का? मिरजेच्या दादांच्या कमेंटला उत्तर

दादा, कमेंट पूर्ण वाचली, आणि दोन ओळीत उरकण्यासारखी नाही म्हणून इथं सविस्तर लिहितोय. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मागच्या वेळी मी लिहिलेलं की ग्रुप, म्हणजे टार्गेटवर पडलेल्या भोकांचा घोळका, सुधारायचा असेल तर वेगवेगळ्या हेड साइझचे (पुढच्या डोक्याच्या मापाचे) पेलेट, म्हणजे एअर रायफलीचे छर्रे, आणून आपल्या बॅरलला कुठला मानवतो ते बघा, आणि पॉइंट टू टू (.२२ बोअरची रायफल) वाल्यांनी काडतुसाचा लॉट, म्हणजे कंपनीनं एका खेपेला बनवलेला माल, तपासून मगच साठा घ्या. त्यावर दादा म्हणतात की हे पैसेवाल्यांचे चोचले आहेत, अमेरिकेत लोक घरी बसून रिकाम्या पुंगळ्या, म्हणजे उडालेल्या काडतुसाच्या पितळी नळ्या, पुन्हा भरतात आणि फॅक्टरीपेक्षा भारी काडतूस बनवतात, आपल्या कुपवाड एमआयडीसीतला कुठलाही लेथवाला त्यासाठी लागणाऱ्या डाय, म्हणजे पुंगळीला माप देणारे साचे, करून देईल, आणि मी हे ज्ञान मुद्दाम दाबून ठेवतोय, वर कायद्याची भीती घालतोय. शेवटी भाच्याचा स्कोअर अडकलाय हेही लिहिलंय, त्यावर येतोच.

आधी तुमचं बरोबर कुठं आहे ते सांगतो. रीलोडिंगनं, म्हणजे असं पुन्हा भरण्यानं, अचूकता वाढते हे खरंय. मोठ्या सेंटरफायर रायफलीत (जिच्या काडतुसाच्या बुडाला मधोमध पेट घेणारी टोपी असते), म्हणजे पॉइंट थ्री झीरो एट वगैरे, गोळी सुटली की पितळेची पुंगळी फुगते आणि त्या रायफलीच्या चेंबरचाच, म्हणजे काडतूस बसतं त्या पोकळीचाच, आकार घेते. फॅक्टरीला जगातल्या प्रत्येक रायफलीत बसेल असं काडतूस काढावं लागतं म्हणून ते जरा सैल मापाचं असतं, आणि घरी भरणारा माणूस फक्त स्वतःच्या एका बॅरलसाठी बनवतो. पुंगळीची मान प्रत्येक गोळीला सारख्याच ताकदीनं धरते का, बंदुकीची दारू प्रत्येकीत वजनाला तेवढीच पडली का, गोळी बॅरलच्या आतल्या आट्यांपासून (गोळीला फिरवणाऱ्या खाचांपासून) किती लांब बसली, हे सगळं तो आपल्या हाताने जुळवतो. तीनशे मीटर आणि त्यापुढं याचा फरक टार्गेटवर दिसतो, कारण स्पीड कमीजास्त झाला की गोळ्या वर-खाली पसरतात. यात वाद नाही.

पण दादा, आपल्या सांगली-साताऱ्याच्या पोरांच्या हातात कुठली रायफल असते? दहा मीटरची एअर रायफल, आणि पुढं गेलं तर पन्नास मीटरची पॉइंट टू टू. एअर रायफलीत पुंगळीच नाही, दारूच नाही, शिशाचा अर्ध्या ग्रॅमचा पेलेट आणि मागं दाबलेली हवा, तिथं भरायचं काय? आणि पॉइंट टू टू रिमफायर आहे, म्हणजे मसाला बुडाच्या कडेत असतो. एखादी उडालेली पुंगळी हातात घेऊन बघा, बुडाला मधे टोपी नाही. पेट घेणारा मसाला त्या बारीक पोकळ कडेच्या आतून फिरवून बसवलेला असतो, फायरिंग पिन येऊन ती कडाच चेंबवते, आणि तुम्हाला काठावर जो खड्डा दिसतो तो एकदा पडला की संपलं, ती कडा सरळ करून परत आत मसाला भरणं घरच्या टेबलावर होण्यासारखं काम नाही. सेंटरफायरला टोपी काढून नवीन बसवता येते, इथं ती सोयच नाही. आपल्या शेजारच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमधे पन्नास मीटर थ्री पोझिशनला (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून मारायचा इव्हेंट) ब्राँझ घेतलं, तो इव्हेंट पॉइंट टू टू चाच. म्हणजे त्या फायनलला उभं राहिलेल्या कुणाच्याच रायफलीत घरी भरलेलं काडतूस नव्हतं.

मग तिथं अचूकता आणतात कशी, तर लॉट निवडून. हिशोब सांगतो, म्हणजे मी उगाच का मागं लागलोय ते कळेल. पॉइंट टू टू ची मॅच गोळी साधारण ३३० मीटर प्रतिसेकंद वेगानं निघते, पन्नास मीटरला पोचेपर्यंत जवळजवळ १२ सेंटिमीटर खाली येते, आणि एका गोळीचा वेग दुसरीपेक्षा १० मीटरनं कमी असला तर ती अंदाजे ७ मिलिमीटर खाली लागते. पन्नास मीटरच्या टार्गेटची दहाची रिंग केवढी? १०.४ मिलिमीटर व्यासाची. पोराचा होल्ड परफेक्ट, ट्रिगर परफेक्ट, आणि तरी शॉट दहाच्या अगदी काठावर. म्हणून तर एली आणि लॅपुआसारख्या काडतूस बनवणाऱ्या कंपन्यांनी स्वतःच्या टेस्ट रेंज ठेवल्यात, तुमची रायफल शिकंजात घट्ट धरून एकामागून एक लॉट मारून बघतात आणि जो लॉट त्या बॅरलला जमला तोच घ्यायला सांगतात. ब्रँड तोच, डब्याचा रंग तोच, फक्त लॉट नंबर बदलला की ग्रुप बदलतो.

आता कायदा. भीती घालायचा विषय नाही, पण हे वाचून एखादा बारावीचा पोरगा उद्या डाय करायला लेथवाल्याकडं गेला तर त्याच्या आयुष्याचं वाटोळं होईल, ते मला बघवणार नाही. शस्त्र कायदा १९५९, कलम ५, काडतूस बनवायला वेगळं लायसन्स लागतं, रायफलीचं लायसन्स असलं म्हणून ते चालत नाही. त्याच कायद्यात ॲम्युनिशनच्या व्याख्येत काडतुसाचे भाग आणि ते बनवायची यंत्रंसुद्धा धरलीत, म्हणजे तो कुपवाडचा लेथवालाही त्यात ओढला जाणार, जो बिचारा पंपाचे शाफ्ट करून चार पोरांना कामाला लावून बसलाय. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम ५ मोडल्याची शिक्षा किमान ७ वर्षं झालीय, जन्मठेपेपर्यंत जाते. वर दारूचा साठा केला तर स्फोटकांचा कायदा वेगळाच.

आणि समजा कायदा बाजूला ठेवला तरी हे यूट्यूब बघून शिकायचं काम नाही. पॉइंट थ्री झीरो एट च्या चेंबरमधे प्रेशर चार हजार बारच्या वर जातं, ट्रकच्या टायरात आठ-नऊ बार असतात यावरून अंदाज घ्या, आणि हे प्रेशर तुमच्या डोळ्यापासून वीतभर अंतरावर असतं. भलतीच दारू पडली किंवा चुकून जास्त पडली तर रायफल फुटते. तिकडं लोक करतात ते प्रत्येक दारूच्या छापील तक्त्यावर, तपासलेल्या सामानावर, आणि बहुतेक जण आधी जाणत्या माणसाशेजारी बसून शिकलेले असतात. त्यातलं इथं काय मिळणार आहे सांगा.

पैशाचा मुद्दा मात्र मला मनापासून लागला, कारण शेतकऱ्याच्या पोराला मॅच पेलेटचा ५०० चा डबा किती जड जातो ते मी रेंजवर बघतो. त्यावर उपाय आहे. चार-पाच जणांनी मिळून वेगवेगळ्या मापाचे डबे घ्यायचे, ४.४९, ४.५०, ४.५१ मिलिमीटर, आणि आपसात थोडे थोडे वाटून प्रत्येकानं आपल्या बॅरलवर मारून बघायचे. रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून, दहा-दहाचे ग्रुप, एका मापाचे निदान तीन. पाच शॉटचा ग्रुप बघून निर्णय घेऊ नका, पाच शॉट फसवतात, एखादा ग्रुप नशिबानं एकाच भोकात जातो आणि माणूस खुश होऊन चार डबे उचलतो. बॅरलला जे माप बसेल त्याचा लॉट नंबर वहीत लिहा, उरलेले डबे ज्याला ते माप जमलं त्याला द्या. म्हणजे कुणाचा पैसा वाया जात नाही.

वजन करायचं असेल तर सराफाच्या काट्यासारखा बारीक काटा लागतो, पण त्याच्याआधी फुकटातली गोष्ट करा, पेलेटचा मागचा घेर, ज्याला स्कर्ट म्हणतात, तो उजेडात फिरवून बघा. शिसं मऊ असतं, डबा स्कूटीच्या डिकीत टाकून आपल्या रस्त्यांवरनं आणला की त्यातले कितीतरी एका बाजूनं चेपलेले निघतात, आणि तसला पेलेट भारीतला असला तरी सरळ जाणार नाही. डब्यात वरून स्पंजचा गोल तुकडा घालून झाकण लावा, बॅगेत कपड्यात गुंडाळून न्या.

आता भाच्याचं. तो नववीत आहे आणि सहा महिन्यांपासून स्कोअर हलत नाही असं तुम्ही लिहिलंय, तर पेलेट बदलायच्या आधी एक करा. त्याच्याच रायफलीनं, त्याच्याच डब्यातले दहा शॉट पिशवीवर टेकवून मारायला लावा, आणि लगेच दुसऱ्या कार्डावर दहा शॉट उभं राहून. दोन्ही कार्डं शेजारी ठेवा. टेकवून मारलेलं जवळजवळ एकाच भोकात असेल आणि उभं राहून मारलेलं पसरलं असेल तर पेलेटला एक रुपयाही घालू नका, त्याचं जॅकेट, पायातलं अंतर आणि श्वास बघावा लागेल. टेकवूनही पसरलं तर आधी बॅरल साफ करून, स्टॉकचे स्क्रू आवळून परत मारायला सांगा, तरीही तसंच राहिलं तर मग पेलेट. दोन्ही कार्डांचे फोटो टाका, लॉट नंबर आणि हेड साइझ सोबत लिहा, मी बघून सांगतो.