चाळीस की सेहेचाळीस?

ईस्टरआधीच्या ख्रिस्ती उपवासकाळावरचा तुमचा लेख आवडला, पण एक दुरुस्ती. या काळाचं लॅटिन नाव ‘क्वाद्राजेसिमा’ म्हणजे ‘चाळीस दिवस’ असं तुम्ही लिहिलंय. त्याचा नेमका अर्थ ‘चाळिसावा’ असा. पोर्तुगीजांचं ‘क्वारेस्मा’ त्यातूनच आलं. वसईत ते दोनशे वर्षं होते, तरी आमच्या घरात प्रायश्चित्तकाळ हाच शब्द. क्वाद्राजेसिमा मी पहिल्यांदा वाचला तो आजोबांच्या जुन्या प्रार्थनापुस्तकात, आणि मला ते एखाद्या औषधाचं नाव वाटलं होतं!

दुसरं म्हणजे हिशेब. राखेच्या बुधवारपासून, म्हणजे या काळाच्या पहिल्या दिवसापासून, ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत कॅलेंडरवर बोट ठेवून मोजा, सेहेचाळीस भरतात. मधले सहा रविवार उपवासाचे नाहीत, ते वजा केले की चाळीस. लहानपणी हे कळल्यावर मी दर रविवारी सोडलेली चॉकलेटं हक्काने मागायचो. आई म्हणायची, ‘गणित बरं जमतं रे तुला!’

त्या बुधवारी कपाळावर लावतात ती राख आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या (ईस्टरच्या आधीच्या रविवारच्या) झावळ्या जाळून करतात, हे लेखात यायला हवं होतं. आमच्याकडे वर्षभर घरातल्या अल्तारीमागे (वेदीमागे) खोचून ठेवलेली, पिवळी पडलेली पाती चर्चमध्ये नेऊन द्यायची. फादरांनी क्रूस काढला की थोडी राख हमखास नाकावर सांडते.

आणि शुक्रवारी मांस वर्ज्य, मासे चालतात, हा नियम कोकणाबाहेरच्या कुणीतरी केला असणार. ताटात तळलेली सुरमई असताना कसलं आलंय प्रायश्चित्त?