थंड गाडीचा दोष गरम गाडीत शोधणं बंद करा आता, बास!

आज गॅरेजने परत तेच केलं. माझ्या गाडीचं दर वेळचं रडगाणं हे असं: आठ दिवस उभी असलेली गाडी, चावी फिरवली, सेल्फ फिरतोय फिरतोय फिरतोय, सहा-सात सेकंदांनी कशीबशी सुरू झाली आणि मग जी थरथरायला लागली, आरसे हलतायत, सीट हलतीय, आरपीएम पडतंय परत चढतंय, पेट्रोलचा भपकारा, आणि दहा-पंधरा सेकंदांनी एकदम गुळगुळीत. जसं काही झालंच नाही. हे दहा-पंधरा सेकंद सोडले तर दिवसभर गाडीत काहीही खोट सापडत नाही आणि म्हणूनच सहा महिने झाले कोणी माझं ऐकून घेत नाहीये.

माझं काम घरून चालतं, गाडी आठवड्यातून एकदा कधीतरी निघते. तर ज्याला सांगावं तो म्हणतो "मॅडम, रोज वापरत जा, उभ्या गाडीचं असंच होतं." नाही हो, असंच नाही होत! चांगली इंजेक्शनची गाडी आठ दिवस काय, पंधरा दिवस उभी राहिली तरी बॅटरी ठीक असेल तर एक-दोन सेकंदात सुरू व्हायला पाहिजे. आणि माझ्या गाडीचं तर एक रात्र उभी राहिली तरी हेच होतं, हे मी प्रत्येक वेळी सांगते, प्रत्येक वेळी. उभं राहिल्याने दोष दिसतो, म्हणजे उभं राहणं हाच दोष असं नसतं.

गॅरेजमध्ये जायचं म्हणजे गाडी चालवत न्यायची. वीस मिनिटांत इंजिन गरम. तिथे दादा येतात, सेल्फ मारतात, एका झटक्यात सुरू. "बघा मॅडम, एकदम ओके." अहो होणारच ना ओके! थंड इंजिनमध्ये पेट्रोलची नीट वाफ होत नाही म्हणून ईसीयू, म्हणजे इंजिनचा कंप्युटर, जास्त पेट्रोल सोडतो, ऑक्सिजन सेन्सर अजून तापलेला नसतो त्यामुळे हवा-पेट्रोलचं मिश्रण दुरुस्त करायला कोणी नसतं, सगळं अंदाजावर चाललेलं असतं, अशा वेळी जरा कुठे कमीजास्त असेल तर ते तिथेच उघडं पडणार, गरम झाल्यावर सगळं झाकलं जातं. हे मला कळतं आणि ज्याचा हा धंदा आहे त्याला कळत नाही? कळतं. फक्त रात्रभर गाडी ठेवून सकाळी तिच्यापाशी उभं राहायची तयारी नाही.

मग अंदाजपंचे सुरू. पहिला नंबर बॅटरीचा. आता उभ्या गाडीत पहिला संशय बॅटरीवर घ्यायलाच पाहिजे, ते मला मान्य आहे. गाडी बंद असताना ५० मिलिअँपिअर जरी खेचलं जात असेल, आणि तेवढं चालतं असंच धरतात, तरी दिवसाला १.२ अँपिअर-अवर जातात, म्हणजे तीन आठवड्यांत २५, म्हणजे ४५ अँपिअर-अवरची बॅटरी अर्ध्याच्या खाली. पण मोजा ना! मी घरी मोजून गेले होते. सकाळी गाडीला हात लावायच्या आधी १२.६ व्होल्ट, सेल्फ फिरताना १०.४ च्या खाली गेलं नाही, आणि सेल्फ खणखणीत फिरत होता. बॅटरी मेलेली असती तर सेल्फ रडत फिरला असता ना? हे सगळं कागदावर लिहून दिलं. कागद बाजूला ठेवला आणि नवीन बॅटरी बसवली. आठ दिवसांनी परत तेच.

मग स्पार्क प्लग बदलले. मग थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात हवा सोडणारा भाग, साफ. मग "कॉइल असेल," म्हणजे प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी. प्रत्येक वेळी पैसे माझे आणि अंदाज त्यांचा.

आणि सगळ्यात डोकं फिरवणारी गोष्ट सांगते. मध्ये एकदा चेक इंजिनचा दिवा लागला, मला आनंद झाला, म्हटलं चला, आता गाडीच बोलेल. दिवा लागतो तेव्हा ईसीयू त्या क्षणाची नोंद धरून ठेवतो, फ्रीझ फ्रेम म्हणतात त्याला, इंजिन किती गरम होतं, आरपीएम किती होतं, सगळं त्यात असतं. म्हणजे मी सहा महिने जे बोंबलून सांगतेय त्याचा लेखी पुरावा. गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला, "मिसफायर आहे" म्हणाला, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाहीये, आणि मी तोंड उघडायच्या आत ईसीयूत नोंदलेला दोषाचा कोड उडवला. कोणता सिलिंडर ते पण बघितलं नाही! कोड गेला की फ्रीझ फ्रेम पण गेली. मी अक्षरशः रडकुंडीला आले होते.

शेवटी स्वतः एक साधा स्कॅनर घेतला. पुढच्या वेळी कोड आला पी ०३०३, म्हणजे तिसरा सिलिंडर. तीनची कॉइल एकवर टाकली, एकची तीनवर, दोन दिवस थांबले, परत तिसराच. म्हणजे कॉइल नाही. कूलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं, तापमान मोजणारा सेन्सर सकाळी बाहेरच्या हवेइतकंच दाखवतोय, म्हणजे तोही खोटं बोलत नाहीये. हेड गॅस्केटमधून कूलंट सिलिंडरमध्ये झिरपत असेल अशी भीती होती, म्हणून कूलंटच्या डब्यावर पेनाने खूण केली, दोन महिने पातळी हलली नाही, पांढरा धूर नाही. मग चावी नुसती ऑन करून दोन सेकंद थांबायचं, पेट्रोल पंपाचा (गाडीतल्या) घूं असा आवाज ऐकायचा, बंद, परत ऑन, असं तीनदा केलं आणि मग सेल्फ मारला. एका सेकंदात सुरू! थरथर मात्र तशीच. म्हणजे रात्रभरात फ्युएल रेलचं, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीचं, प्रेशर उतरतंय. एकतर पंपाच्या व्हॉल्व्हमधून मागे टाकीत, नाहीतर पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरमधून पुढे इंजिनमध्ये. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी सुरू न करता चारही प्लग काढले. तीन प्लग फिकट तपकिरी, तिसऱ्या सिलिंडरचा काळा कुळकुळीत आणि पेट्रोलचा वास मारतोय.

तिसरा इंजेक्टर गळतोय हो! हे मी, जिने आयुष्यात कधी पाना धरला नव्हता, तिने शोधलं, कारण मी गाडी थंड असताना बघितली. एवढंच केलं मी.

आणि तोपर्यंत मला काय काय सल्ले मिळाले. "रोज पाच मिनिटं जागेवर चालू ठेवा." हा सल्ला देणं बंद करा प्लीज. पाच मिनिटांत बॅटरी भरत नाही, सेल्फनेच खेचलेलं कसंबसं भरून निघतं, इंजिन पूर्ण तापत नाही, ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये पाणी साठतं, प्लग काळे होतात. चालवायचीच तर अर्धा तास रस्त्यावर न्या, नाहीतर हात लावू नका.

तर काल संध्याकाळी गाडी गॅरेजला ठेवून आले. हात जोडून सांगितलं, दादा, सकाळी मी आठला येते, माझ्यासमोर प्रेशर गेज लावा, रेलचं प्रेशर बघा, मग सेल्फ मारा, तोपर्यंत कोणीही, कोणीही गाडी सुरू करू नका. काचेवर कागद चिकटवला, मोठ्या अक्षरात.

आज पावणेआठला फोन. "मॅडम, पोराने गाडी मागे घेतली जरा, जागा पाहिजे होती. मस्त चालतीय. सेल्फ थोडा जास्त घेतला फक्त, बाकी काही नाही."